आजिनाथमधला ‘ज’

नगर,
१२ जानेवारी २०२६

प्रिय आजिनाथ,

मायना वाचून तू चष्मा काढून धोतराला पुसणार, हे मला इथे बसून दिसतं आहे. पुसू नकोस. चष्मा स्वच्छ आहे आणि अक्षरही माझंच आहे. छप्पन्न वर्षं माझ्या प्रत्येक पत्रावर आणि राखीच्या प्रत्येक पाकिटावर ‘चि. आदिनाथ’ असायचं. आज नाही. का नाही ते शेवटी येईल. शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड एवढ्यापुरती आवर.

दुसरी सूचना. हे पत्र स्वतः वाच, सविताकडून वाचून घेऊ नकोस. सून गुणाची आहे, पण तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने वाचलं तर वेशीबाहेरच्या गुरांनाही समजेल. फोनवर सांगायचा प्रयत्न मी केला होता. मी म्हटलं, “अरे, त्या ऑफिसचं पत्र आलं!” तू म्हणालास, “आलं हाय की घरात, च्यापुरतं. पाठवू नको.” मी फोन ठेवून दिला. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत, आणि तू कानाचं यंत्र लावणार नाहीस, म्हणून हा कागद.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, मी ऐकून घेत नाही. एसटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आणि कंडक्टर ओरडतो ‘चला नगर, नगर, नगर’. एवढ्या मोठ्या शहराचं नाव कागदोपत्री बदललं, पण तुझ्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करायला मला चौदा महिने लागले. कोणतं अक्षर, कसली दुरुस्ती, हे तुला ठाऊक नाही असं मी परवापर्यंत समजत होते. तरी क्रमानेच सांगते. क्रम सोडून सांगितलेलं मला आवडत नाही.

गेल्याच्या आदल्या भाऊबीजेला तुझे गुडघे धरले होते म्हणून मीच गावी आले होते. ओवाळून झालं, तू म्हशीकडे गेलास आणि तुझ्या कारभारणीने, बनूने मला चुलीपाशी बसवून घेतलं. शाळेसमोर गावातल्या अकरा माजी सैनिकांच्या नावांचा दगड बसणार होता. प्रत्येकाचं नाव आणि खाली त्याची पदकं. ग्रामसेवकाने सगळ्यांची डिस्चार्ज बुकं पाहून कच्ची यादी चावडीवर लावली. त्यात तुझ्या नावाखाली एकच ओळ होती: नऊ वर्षे सेवा पदक. एकाहत्तरच्या लढाईचं अवाक्षर नाही. आणि छगनच्या नावाखाली तीन ओळी. ज्या छगनने फौजेत उभ्या जन्मात गहू-तांदळाच्या गोण्यांपलीकडे काही उचललं नाही, त्याच्या! पारावर सगळ्यांदेखत तो तुला म्हणाला, “काय आज्या, नऊ वर्सं पगार घेतल्याचं मेडल हाय व्हय तुजं? आन् आमाला तोफांच्या गोष्टी सांगत हुतास!” कुणीतरी पुढे जोडलं, “कान बी म्हशीनं लाथ घातल्यानं गेलाय म्हनं.” बनू सांगत होती, तू सगळ्यांबरोबर हसलास. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या पंधरा ऑगस्टला तू झेंड्याला गेला नाहीस. गोठ्यात वैरण टाकत बसलास. आणि राजनंदिनीने शाळेतून येऊन विचारलं, “आजोबा, तुम्ही सांगितलेलं खरं होतं ना?” तेव्हा तू नातीला उत्तर दिलं नाहीस. ऐकू आलं नाही असं दाखवलंस. बनू म्हणाली, “आक्का, त्यांना आयकू आलं हुतं.”

मी तुला विचारलं तर तुझं एकच, “जाऊ दे आक्के. मेडल काय भाकरीसंगं खायाचंय?” हे उत्तर मला पटण्यासारखं नव्हतं. तुझ्या डाव्या खांद्यातली जखमेची खाच मी पाहिली आहे. आणि खोटेपणाचा शिक्का आपल्या घरातल्या माणसावर बसलेला मला चालणार नव्हता. म्हणून त्याच आठवड्यात तुझे हयातीच्या दाखल्याचे कागद घेऊन बसले तेव्हा तीन कागदांखाली चौथा सरकवला. तो तुझ्या लढाईतल्या पदकांसाठी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज होता, खाली पत्ता माझ्या घरचा. तू चारही सह्या न वाचता केल्यास. आक्काने पुढे ठेवलेला कागद तू आयुष्यात कधी वाचला नाहीस. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

अर्ज लिहिला मुकुंदनगरच्या गनीभाईंनी. फौजेत हवालदार क्लार्क होते, आता घराच्या ओट्यावर बसून नगर जिल्ह्यातल्या निम्म्या माजी सैनिकांचे कागद करतात. मला पाहताच उठून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तुमी आमच्या अझीमला मराठीत नापास केलं हुतं.” मी म्हटलं, “त्याने ‘विद्यार्थी’च्या दोन्ही वेलांट्या उलट्या दिल्या होत्या.” “आता दुबईला इंजिनेर हाय. तितं कोन इचारतंय वेलांट्या?” “म्हणूनच तिकडे गेला,” मी म्हटलं. त्यांनी आतून चहा मागवला. त्यांच्या बायकोने, मुबारकबींनी चहाबरोबर नानकटाई पाठवली आणि मग आमचं चांगलं जमलं.

उत्तर यायला सहा महिने लागले. त्यात लिहिलं होतं की, तुमच्या रेजिमेंटने लढाईनंतर पदकांची जी यादी पाठवली, तिच्यात ‘आजिनाथ गर्जे’ आहे; पण त्याच्या नंबराचा शेवटचा आकडा सात. आमच्याकडचे गर्जे ‘आदिनाथ’, शेवटचा आकडा एक. तेव्हा ही दोन माणसं एकच, हे सिद्ध करा. गनीभाईंनी मला समजावलं, “बाई, फौजेत मानूस म्हंजे नंबर. पन नंबर टायपताना एकाचा सात व्हतो कदी कदी. मग नाव बघत्यात. नाव जुळलं असतं तर तितल्या तितं निभावलं असतं. हितं नाव बी जुळंना. म्हंजे यादीतला गडी जगात न्हाईच.” रेजिमेंटने नाव तू तोंडी सांगितलंस तसं लिहिलं होतं, आणि यादी गेली तोवर तू दवाखान्यातून थेट दुसऱ्या रेजिमेंटला गेला होतास, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं. तोफखान्यात गर्जे नावाचा माणूस, आणि त्याचा आवाज कागदावर कुठे पोचलाच नाही.

मी किती संतापले ते काय सांगू. ज्याला ‘ज’ आणि ‘द’ यांतला फरक कळत नाही अशा कोणत्या गाढवाने आमच्या मुलाचं नाव लिहिलं, असं मी गनीभाईंच्या ओट्यावर, सैनिकांच्या ऑफिसात, बँकेत, दिसेल त्याला विचारत सुटले. सैनिकांच्या ऑफिसातला तरुण मुलगा मला पाहिलं की खुर्ची आधीच पुढे करायचा. आपल्या भागात नाथांच्या नावाची मुलं घरटी एक. मच्छिंद्र, कानिफ, गहिनी, आजिनाथ. कुणीतरी परमुलखातला कारकून असणार, त्याला काय समजणार, असा माझा ठाम निकाल होता. पाकिटांवर मी स्वतःही ‘आदिनाथ’च लिहीत आले, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

पुरावा हवा होता. बनूने ट्रंकेच्या तळातून मिलिटरी हॉस्पिटलची चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर तुझा खरा नंबर आणि नाव मात्र आजिनाथ. बायकोला लिहिता-वाचता येत नाही म्हणून तू तिला चिडवत आलास. पण कोणता कागद जपायचा हे तिलाच कळलं. आणि मी माझ्याकडची तुझी पत्रं काढली. सगळी आहेत. डिसेंबर एकाहत्तरचं आंतरदेशीय पत्र आहे, मागे नंबर, रेजिमेंट, तारीख आणि तुझं नाव. ती सगळी पत्रं मी तेव्हा लाल पेनाने तपासलेली होती. बी.एड. करत होते ना, हातात नवं पेन होतं. तू लिहिलं होतंस, ‘आमी सगळे ठिक आहोत, काळजी करु नये.’ मी ‘आम्ही’ केलं होतं, ‘ठीक’ केलं होतं, ‘करू’ केलं होतं. खाली तुझ्या सहीतल्या ‘जि’भोवतीही गोल काढून वर ‘दि’ लिहिला होता. गनीभाईंनी ते पत्र दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “बाई, ह्यो गडी तितं तोफेपाशी, आन् तुमी हितं ऱ्हस्व-दीर्घ बघत हुत्या व्हय?” मी म्हटलं, सवय आहे. नानकटाई त्या दिवशी खाल्ली नाही.

सप्टेंबरात जाड पाकीट आलं. एकोणसत्तर साली तू भरती झालास तेव्हाच्या मूळ फॉर्मची छायाप्रत त्यांनी पाठवली होती, नाव मुळात काय लिहिलं होतं ते पाहण्यासाठी. गनीभाईंनी ती ओट्यावर पसरली, शेजारी माझ्या लाल शाईचं तुझं पत्र ठेवलं आणि चष्मा कपाळावर चढवून दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले. माझ्या ‘द’ची शेपटी खाली जाऊन उजवीकडे वळते, तुला माहीत आहे, मुली मागच्या बाकांवर बसून तिची नक्कल करायच्या. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, “गाढव घावलं म्हनायचं.”

मला सगळं तिथल्या तिथे आठवलं. मी शेवटच्या वर्षाला होते. तू गावाहून सकाळच्या एसटीने आलास, आईने दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधलेली. कॉलेजच्या पायऱ्यांवर लिंबाखाली बसून मी तुझा फॉर्म भरला. तू म्हणालास, “आक्के, माजं नाव आजिनाथ हाय.” मी म्हटलं, आजिनाथ असा शब्दच नाही, आदि म्हणजे पहिला, आदिनाथ, तो आपला गावंढळ उच्चार आहे, सरकारी कागदावर शुद्ध लिहावं. तू म्हणालास, “पन आय तर आजिनाथच म्हनती.” आणि मी जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं: “आईने शाळेचं तोंड तरी पाहिलं आहे का?” तू भाकरीचं फडकं सोडत होतास. हात थांबले. मग म्हणालास, “बरं. तुला म्हाईत.” आणि मी बोट ठेवलं तिथे सही केलीस. गावच्या गुरुजींनी दाखला देताना माझं अक्षर पाहून तेच नाव उतरवलं. कॉलेजात शिकणारी मुलगी चुकेल कशी?

पुढे चौतीस वर्षं मी हजारो मुलांच्या वह्यांत लाल गोल काढले. त्याबद्दल मला खंत नाही, शुद्ध लिहावंच. पण माणसाचं नाव म्हणजे निबंध नाही, हे कळायला मला सत्त्याहत्तरावं वर्ष लागलं. आईने ज्या नावाने हाक मारली तेच त्याचं शुद्ध रूप.

दुसऱ्याच दिवशी मी प्रतिज्ञापत्र केलं. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टने सरावाने लिहिलं, ‘सदर नाव माझ्या हातून नजरचुकीने चुकीचे लिहिले गेले’. मी म्हटलं, नजरचुकीने खोड. तो म्हणाला, “आजी, समदे तसंच लिवत्यात.” मी म्हटलं, माझी नजर तेव्हा शाबूत होती. लिही: ‘मी, कौसल्या रंगनाथ गर्जे, निवृत्त मुख्याध्यापिका, असे सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझ्या भावाने नाव बरोबर सांगितले असतानाही मी ते बदलले. चूक माझी आहे.’ गनीभाई शेजारी उभे होते, म्हणाले, “बाई, एवढं कशाला? ‘एकच इसम’ म्हनलं तरी भागतंय.” पण भागत नव्हतं.

दोन जानेवारीला पत्र आलं, ज्याला तू आलं समजलास. नोंद दुरुस्त झाली. संग्राम पदक, पश्चिमी स्टार आणि जखमी सैनिकाला मिळतं ते पदक, तिन्ही तुझ्या नावावर, तारखांसह. शनिवारी पार्सलही आलं. तिन्ही पदकं माझ्या कपाटात आहेत. तांदळाच्या डब्याशेजारी ठेवणं बरं दिसेना म्हणून वरचा खण रिकामा केला. गनीभाई येऊन पाहून गेले. त्यांनी उभं राहून सलाम केला, मला नव्हे, खणाला. मी घाईघाईने नानकटाई आणायला आत गेले आणि थोड्या उशिराने बाहेर आले.

इथवर मी खुशीत होते. एवढं काम तडीस नेलं आणि तुला कळूही दिलं नाही, असा तोरा होता. मग मंगळवारी बनू डोळे तपासायला इथे आली. मी तिला सगळं सांगितलं, फॉर्मसकट, अगदी ‘द’च्या शेपटीसकट, आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिने कपात साखर ढवळली आणि म्हणाली, “आक्का, त्यांना म्हाईत हाय. लई दिसांपासनं.” त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये तू सुटीवर आला होतास, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तुमच्या नव्या रेजिमेंटच्या बाबूने तुला कागद दिला होता: ज्याने फॉर्म भरला त्याच्याकडून नाव चुकलं असं लिहून आण, तुझी मेडलं लावून देतो. त्याच आठवड्यात मी शाळेत रुजू झाले होते. पंचक्रोशीतली पहिली शिकवणारी बाई म्हणून वडील पेढे वाटत हिंडत होते, आणि शिकलेल्या मुलीचा काय उपयोग असं म्हणणारी माणसंही गावात होती. बनू म्हणाली, तू तो कागद दोन दिवस खिशात घेऊन फिरलास आणि मग ट्रंकेत तळाशी टाकलास. तिने विचारलं तर म्हणालास, “आक्का आत्ता कुटं मास्तरीन झालीया. तिला सोताच्या भावाचं नाव लिवता आलं न्हाई, ह्ये तिच्याच सईनं आनू व्हय? ऱ्हाऊ दे मेडल.” तिकडे जाऊन बाबूला सांगितलंस की फॉर्म कुणी भरला ते आठवत नाही. आणि त्यानंतर बावन्न वर्षं माझी ‘चि. आदिनाथ’ची पाकिटं घेत राहिलास, एका शब्दाने न बोलता. पारावर छगन हसला तेव्हाही तुझ्याकडे उत्तर होतं. तू ते माझ्यासाठी गिळलंस.

म्हणून हे पत्र. पदकांची बातमी बनूही सांगू शकली असती. मला तुला हे सांगायचं होतं की मला कळलं आहे, आणि ज्या सहीसाठी तू माझ्याकडे आला नाहीस ती मी स्वतः जाऊन करून आले आहे, मोठ्या अक्षरात, सरकारी शिक्क्यासह. आता माझ्यासाठी गप्प राहायचं कारण उरलं नाही. दगड अखेर आला आहे. पाथरवटाने दहा नावं कोरून तुझी जागा मोकळी ठेवली आहे. मी त्याला खडूने आजिनाथ लिहून दिलं आणि ‘ज’ दोनदा गिरवला, पण छिन्नी लावायच्या आधी तुला विचार असं सांगितलं आहे. आजवर दोनदा मी तुझ्याकडून न वाचता सह्या घेतल्या. हा तिसरा कागद वाचून मग काय ते ठरव. सव्वीस जानेवारीला सकाळी साडेसातला मी शाळेसमोर पदकं घेऊन उभी असेन. राजनंदिनीने ती तुझ्या कोटाला लावायची आहेत, तिला तसं सांग, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही दे. छगनला मी काही बोलणार नाही. त्याच्या शेजारी उभी राहीन, तेवढं त्याला पुरेल. पाकिटात एक लाल पेन ठेवलं आहे. या पत्रात कुठे चूक सापडली तर गोल काढून परत पाठव. सोडून देऊ नकोस. तुझी ती सवय फार झाली.

तुझीच,
आक्का